बाबांनी धनुष्य तुला दिलं

धाकट्या गोंगास, आरुशा शहराजवळच्या मळ्यावरून थोरल्या शाक्वाचे आशीर्वाद.

मी बरा आहे. राखणदारीचं काम हलकं आहे, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, उगाली, पोटभर मिळते. आईचा खोकला थांबला का?

सुट्टीत मी मळ्याची बंदूक घेऊन घरी आलो. दोनशे पावलांवरून हरीण पाडलं, पण त्या आवाजाने सारा कळप डोंगरापार पळाला. मग कितीतरी दिवस वस्तीला मांस दिसलं नाही. शेवटी कळप परतला, तेव्हा तू धनुष्य घेऊन सरपटत त्याच्यापासून पार वीस पावलांवर गेलास. एक हरीण कोसळलं. बाकीची जरा दचकली आणि पुन्हा चरू लागली. दुसऱ्या दिवशी तिथेच तुला दुसरं मिळालं.

बाबा म्हणाले, "शाक्वा, तुझ्या बंदुकीला उद्याची भूक कळत नाही रे!" आणि सगळ्यांदेखत आपलं धनुष्य तुला दिलं. थोरला मी ना?

खरं सांगू? तू सरपटत होतास तेव्हा तुझा बाण चुकावा, असं मी मनात म्हणत होतो. माझी पोरगी उपाशी असताना! पहिला तुकडा तू तिलाच दिलास, आणि मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझ्यावर जळणारा, तुझाच दादा,
शाक्वा