डावीकडे वळलं की वाजणारा हॉर्न

९ नोव्हेंबर, सकाळी

काल वैभवीचा साखरपुडा झाला. एकुलती एक लेक. मुलगा प्रज्वल, शिरपूरचा, सोलर पंपाच्या कंपनीत आहे. चांगला वाटतो, पण बोलत नाही. माझीही त्याच्याशी मजल अजून 'जेवले का'च्या पुढे गेलेली नाही.

भर पंगतीत जाहीर करून टाकलं. लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवात येईल तो माझ्या स्पोर्ट्स कारमधून, आणि चालवणार मी स्वतः. लोकांनी माना डोलावल्या. ज्योत्स्नाने माझ्याकडे असं पाहिलं की बायको नवऱ्याकडे अभिमानाने पाहते तेव्हा ते असंच दिसत असावं.

खरं कारण फक्त इथे लिहितो. गाडीत सीटा दोनच. एकीवर मी, दुसरीवर तो. तेवढ्या वाटेत मला त्याला वैभवीबद्दल सांगायचंय. ती रागावली की जेवत नाही, पण कोणी ताट घेऊन शेजारी बसलं की जेवते. वीज कडाडली की अजून घाबरते, कबूल करत नाही. तिला 'असू दे' म्हटलं की राग येतो. असल्या गोष्टी. चारचौघांत मला हे बोलायला जमायचं नाही. गाडीत जमेल, कारण गाडीत समोर बघायचं असतं.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी

व्याह्यांचा फोन. ते एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. म्हणे, इवाई, गाडी जुनी हाय, असू द्या, पण हॉर्न वाजते ना? बिनहॉर्नच्या गाडीत माह्या पोराले बसू देणार नाई.

मी म्हटलं, वाजतो म्हणजे काय, इथे आसेगावात दाबला तर मंगरूळपीरला लोक बाजूला होतात.

मग गोठ्यात उभ्या गाडीत बसून दाबून पाहिला. नाही वाजला. तसा तो गाडी घेतली तेव्हापासूनच वाजत नाही. अकोल्याच्या ज्या डॉक्टरांकडून घेतली ते म्हणाले होते की अशा गाडीला लोक आपणहून वाट देतात. मला ते पटलं होतं.

१२ नोव्हेंबर

निश्चय: हॉर्न स्वतः दुरुस्त करायचा. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. एक पोरगा हसतहसत स्टिअरिंग उघडतो आणि हसतहसत लावतो. एकूण काम किरकोळ.

फ्यूज ठीक. हॉर्नला थेट ट्रॅक्टरची बॅटरी लावली तर असा वाजला की म्हैस दावं तोडून नाल्यापर्यंत गेली. म्हणजे दोष स्टिअरिंगच्या आत आहे. निदान झालं म्हणजे अर्धा आजार गेलाच.

ज्योत्स्ना म्हणाली, आहेराच्या साड्या घ्यायले मंगरूळपीरला चला. म्हटलं, आधी हॉर्न. ती वैभवीला घेऊन एसटीने गेली. म्हशीला मी आणलं.

१५ नोव्हेंबर

वाजला!!!

पण स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं तरच. सरळ ठेवलं की गप्प, उजवीकडे तर बोलायचंच नाही.

मुन्नाला बोलावलं. मंगरूळपीरला त्याचं ट्रॅक्टर-मोटरसायकलचं गॅरेज आहे. कुठल्याही प्रश्नाला तो 'होते ना भाऊ' म्हणतो, म्हणून मला तो आवडतो. म्हणाला, स्टिअरिंगच्या आत एक पट्टी राह्यते गुंडाळलेली, ते तुटली, डावीकडं गेलं की टेकून राह्यली. नवी मिळेल का विचारलं. होते ना भाऊ. त्याने माझ्यासमोर नागपूरला फोन लावला. पलीकडचा माणूस गाडीचं नाव ऐकून हसायला लागला आणि हसतानाच फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम असणार.

पण कशाला हवी पट्टी? देवळापासून मांडवापर्यंत फक्त डावी वळणं घेत जायचं. प्रत्येक वळणावर हॉर्न! शिवाय वाट लांबते, म्हणजे प्रज्वलशी बोलायला वेळ जास्त. आडातून पाणी काढायला गेलो आणि हंडा भरूनच वर आला.

१६ नोव्हेंबर

ट्रायल घेतली. डावीकडे, डावीकडे, डावीकडे. पुन्हा देवळासमोर. मांडव उजवीकडे आहे.

खात्री करायला आणखी दोन फेऱ्या मारल्या. पारावरच्या लोकांना वाटलं मी नवस फेडतोय. एका म्हातारीने गाडीला हात जोडले.

२० नोव्हेंबर

व्याही न सांगता आले. हात मागे बांधून गाडीभोवती फिरले. दाबा म्हणाले. मी सहज केल्यासारखं स्टिअरिंग डावीकडे नेलं आणि दाबला. वाजला. सरळ करून दाबा म्हणाले. मग मी त्यांना हवापाण्याचं विचारलं.

त्यांनी शांतपणे सांगितलं की बस बंद पडली तं पॅसेंजर ढकलते, हॉर्न बंद पडला तं कोणीच काई करू शकत नाई. लग्नाच्या सकाळी ते स्वतः वाजवून पाहणार. नाही वाजला तर नवरदेव त्यांच्या भाच्याच्या पिकअपमधून येईल. पिकअपच्या पुढे भाचा, व्याही आणि प्रज्वल. मला जागा नाही. मागे बॅंजोवाले.

जेवलो नाही. ज्योत्स्नाला वाटलं पित्त झालंय.

२४ नोव्हेंबर

आज स्टिअरिंग उघडणार. व्हिडिओतला पोरगा म्हणतो की आधी बॅटरीची वायर काढून थांबा. हे तिकडच्या लोकांसाठी आहे, त्यांना वेळ असतो.

२५ नोव्हेंबर

काल रात्री लिहिता आलं नाही. डोळा उघडत नव्हता.

स्टिअरिंगच्या आत एअरबॅग असते. हे मला माहीत होतं. पण एवढ्या जुन्या गाडीत ती विरली असेल असा अंदाज होता. पिवळी वायर दिसली. मुन्ना म्हणाला, अर्थिंग असन भाऊ. मी तिला करंट दिला. ती विरली नव्हती.

चष्मा गोठ्याच्या पत्र्यावर सापडला. मुन्ना नाल्यापलीकडे सापडला. स्टिअरिंगच्या मधोमध आता हॉर्नचं बटन नाही, भोक आहे. डावीकडे वळलं तरी काही नाही.

ज्योत्स्नाने जखमेत हळद भरली. वैभवी रडली. म्हणाली, बाबा, मले गाडी नको न काई नको, हळदीच्या दिवशी फक्त माह्याजवळ बसा. पोर हळवी आहे. नवरदेव लाल गाडीतून उतरताना पाहील तेव्हा कळेल तिला.

२९ नोव्हेंबर

मुन्नाने दारावरच्या बेलचं बटन डॅशबोर्डवर बसवून दिलं. दाबलं. हॉर्न वाजला, सरळ असताना वाजला! मी मुन्नाला मिठी मारली. हॉर्न वाजतच होता. मिठी सुटली तरी वाजत होता. बटन उपटलं तरी वाजत होता. बऱ्याच वेळाने त्यातून धूर आला आणि तो थांबला. कायमचा.

मुन्ना म्हणाला, होते ना भाऊ, आणि गेला.

गाडीतच बसून राहिलो. खरं लिहायचं तर रडू आलं. लग्न तोंडावर आलं आणि माझ्या हातून एक बटन वाजत नाही. ती गेल्यावर या घरात काय बोलायचं, कोणाशी बोलायचं, मला माहीत नाही. ज्योत्स्नाशी माझं जे काही बोलणं होतं ते सगळं वैभवीमार्फत होतं. त्या मुलाला सांगायचं राहिलं तर कोण सांगेल? कोणालाच हे सगळं ठाऊक नाही. ज्योत्स्नाला असेल म्हणा. पण मला सांगायचंय.

२ डिसेंबर

हळद. पाहुण्यांनी घर भरलंय. मी थोडा वेळ वावरात जाऊन आलो आणि तिथेच डोक्यात वीज चमकली. भोंगा!

हरभऱ्यात रोही आणि डुकरं शिरू नयेत म्हणून आमच्याकडे प्रत्येकाच्या वावरात असतो तसा माझ्याही आहे. बॅटरी, कर्णा आणि आवाज भरलेलं मेमरी कार्ड. संध्याकाळी लावला की सकाळपर्यंत ओरडतो. माझ्या भोंग्यात माझाच आवाज आहे, गेल्या साली भरलेला. आवाज अख्ख्या शिवारात माझाच चांगला, हे लोकही मानतात.

भोंगा काढून आणला, बॉनेटखाली बसवला, बेलचं बटन परत डॅशबोर्डवर लावून त्याला जोडला. कार्डात ट्रकचा हॉर्न भरला, पहिल्या नंबरवर. मुन्नाने फोनवर विचारलं, जुना आवाज पुसला का नाई? म्हटलं राहू दे, कार्डात जागा भरपूर आहे. बटन दाबलं. असा दणदणीत ट्रक आमच्या गोठ्यात आजवर आला नव्हता.

घरात गेलो तर हळद आटोपली होती. वैभवी आंघोळ करून केस पुसत बसलेली. कोणीतरी माझ्यासाठी वाटीत थोडी हळद झाकून ठेवली होती. मी तिच्या हाताला बोट लावलं. तिने हात तसाच राहू दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण हॉर्न वाजतो.

५ डिसेंबर

काल लग्न झालं. क्रमाने लिहितो.

सकाळी व्याह्यांनी बटन दाबलं. ट्रक वाजला. त्यांच्या चेहऱ्यावर नोकरीतले दिवस आले. पास म्हणाले. माझा सुजलेला डोळाही पाणावला.

देवळातून निघालो. प्रज्वल बाशिंग सांभाळत शेजारी. पुढे बॅंजो, बॅंजोपुढे सगळं वऱ्हाड नाचतंय, आणि सगळ्यांत पुढे फेटा बांधलेले व्याही. मी समोर बघितलं. घसा साफ केला. म्हटलं, प्रज्वलराव, वैभवीचं असं आहे की...

तेवढ्यात वऱ्हाड थांबलं. वाट मोकळी करायला मी बटन दाबलं.

सकाळपासून तो चालूच होता, आणि पुन्हा दाबलं की पुढचा नंबर लागतो हे मी विसरलो होतो. भोंगा दुसऱ्या नंबरवर गेला. माझा आवाज. शिवारात घुमावा म्हणून भरलेला. "हाड! हाड! निघ इथून! फुकटखाऊ! पुन्हा वावरात दिसला तं तंगडी तोडीन!"

बॅंजो थांबला. भोंगा थांबत नव्हता, तो तर रात्रभर ओरडायसाठीच बनवलेला. बॉनेट उघडेना. मी काचेतून हात जोडत होतो आणि माझाच आवाज व्याह्यांना हाड म्हणत होता. प्रज्वलने बाशिंगात तोंड लपवलं होतं, खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. हसत होता.

व्याह्यांनी फेटा काढला आणि पारावर जाऊन बसले. रुसले. लग्न लावत नाही म्हणाले. मांडवात माझी पोर नटून बसलेली आणि मी तिचं लग्न एका बटनाने मोडलं. मी पाया पडलो, ते दुसरीकडे पाहू लागले.

शेवटी ज्योत्स्नाला मांडवातून बोलावून आणलं. ती व्याह्यांना म्हणाली, इवाई, हाच आवाज माह्या घरात लग्नापासून चालू हाय, कोणी पळालं का आमच्यातलं? पोकळ हाय तो, उठा.

व्याही हसले आणि उठले. भोंगा मात्र बॉनेट उघडून त्यांनी स्वतःच्या हाताने उपटला आणि जप्त केला.

नवरदेव पिकअपमधून गेला. गाडीची बॅटरी उतरली होती, मी पायी निघालो. पोचलो तेव्हा शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. अक्षता मिळाल्या.

निघताना वैभवी गळ्यात पडली. प्रज्वल पाया पडायला वाकला. आत्ता सांगावं असं मनात आलं. त्याला विचारलं, जेवले का?

१९ डिसेंबर

ज्योत्स्नाशी आज थेट बोललो. मीठ मागितलं.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. मी उभा राहूनच घेतला. पण ते खुशीत. म्हणे, इवाई, जप्त केलेला भोंगा हरभऱ्यात लावला, रोही फिरकत नव्हते, लय दणकट आवाज हाय तुमचा. वावर घराला लागूनच, प्रज्वल रोज दिवेलागणीला चालू करतो. सूनबाई ओसरीवर येऊन बसते अन् आयकत राह्यते, कायले आयकते तं सांगत नाई. पण आता रोही सरावले. नवीन आवाज भरून पाठवा.

गोठ्यात गाडीत जाऊन बसलो. तिथे शांत असतं. मोबाईल डॅशबोर्डवर ठेवला, समोर बघितलं आणि सुरुवात केली. प्रज्वलराव, ती रागावली की जेवत नाही, पण तुम्ही ताट घेऊन जवळ बसा. वीज कडाडली की दार लावून घ्या, ती म्हणणार नाही. तिला हळदीच्या दिवशी... इथपर्यंत चांगलं आलं. मग आवाज फाटला.

ऐकून पाहिलं. याने काही रोही पळणार नाहीत. पुसून टाकलं.

पुन्हा भरलं. "हाड! हाड! निघ इथून!" ते पाठवलं. व्याह्यांकडून अंगठा आला.