वाचून दाखवणारी

ता. २ मे

चि. ठकीस,
अ. उ. आ.

...आणि तुझा दादा नळाखाली हात धरून उभा होता, कारण वॉशर गेला होता आणि पाणी बादलीत कमी, भिंतीवर जास्त पडत होतं. मी डब्यांची झाकणं शोधत होते. इस्त्री एका बाहीवर थांबली होती. धुवायच्या शर्टाच्या खिशात कालचं जॉबकार्ड राहिलं होतं, ते तिथूनच वाचून दाखव म्हणाला. मी तेव्हा अक्षराला अक्षर लावून वाचायचे. मागचं डावं चाक, ब्रेक घासतो, एवढं वाचेपर्यंत बादली भरली. तो मध्ये एकदाही बोलला नाही, की नळावरचा हात काढला नाही. त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही.

पत्र असं मधूनच सुरू केलं म्हणून हसू नकोस. फोनवर सांगितलं की तू हो हो करतेस आणि विसरतेस, म्हणून कागद घेतला. त्याला जाऊन सहा वर्षं होतील. त्याच्या जागेवर मी डेपोच्या ब्रेक विभागात लागले आणि त्याचे जोडीदार फिटरनाना माझे जोडीदार झाले. तुला आमची पद्धत ठाऊक आहे. बसखाली एकटं कुणी जायचं नाही. एकाने कार्ड मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ते तोंडाने म्हणत हात लावायचा, मग दोघांच्या सह्या. नाना वाचनात कच्चे, म्हणून वाचणारी मी. बाकी ब्रेकचं जे मला येतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं.

आता डिझेलच्या बस चालल्या भंगारात आणि बॅटरीच्या आल्या. त्यांच्यासाठी नवी शेड झाली आहे. तिथे काम करायचं तर फोनवरचे तीन छोटे कोर्स करून प्रमाणपत्र घ्यायचं, तीस जूनच्या आत. फी तुमच्या ऑफिसच्या कामगार-शिक्षणाच्या निधीतून. ज्याला जमणार नाही तो धुलाई शेडमध्ये, बस धुवायला. चाळीस वर्षं हातात पाना धरलेल्या नानांच्या हातात झाडू.

तुमच्या निधीचे आभार मानायचे की कान धरायचे ते कळत नाही. त्या धड्यात एक पांढरे हातमोजे घातलेला माणूस आहे. त्याच्या गॅरेजात धूळ नाही, त्याचा एकही नट गंजलेला नाही. तो बोलतो ते पुढे ढकलता येत नाही. मध्ये कुणाचा फोन आला की धडा पहिल्यापासून. जबर विजेच्या नारिंगी केबलला हात लावू नका हे मी अकरा वेळा ऐकलं. रोज जेवणाच्या सुटीत पडद्यावरचा मजकूर मी वाचते आणि नाना ऐकतात. मोज्यांवाला म्हणाला, वीज बंद करा, कुलूप घाला, थांबा, मग मीटर लावून शून्य आहे का बघा. नानांनी फोनलाच विचारलं की मीटरच मेलेला असेल तर? आधी चालू विजेवर लावून तो जिवंत आहे का बघायला नको? मोज्यांवाला तोवर पुढच्या धड्यावर गेला होता.

परीक्षा चौदा तारखेला. तुझी पाठ बरी आहे ना? उंच खुर्ची मागून घे, लाजू नकोस.
माया आहेच, ती पत्राच्या उत्तराने फेडावी.
तुझी वहिनी

ता. ८ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात जेवताना वाचलं. शेजारच्या बाईंनी विचारलं की तुम्ही रडताय का हसताय. मी म्हटलं, भावजयीचं पत्र आहे, दोन्ही करावं लागतं. दादाच्या नळाचा वॉशर मीच आणून दिला होता, आठवतं का? चुकीच्या मापाचा. त्यावरून महिनाभर चिडवलं होतं त्याने मला.

पांढऱ्या मोज्यांवर माझा काही इलाज नाही. ते धडे तयार विकत घेतले आहेत. आमच्या समितीत सात जण, एकाच्याही नखात कधी ग्रीस गेलेलं नाही. कामगारांना नवं शिकवायला निधी आहे, तो खर्च व्हायला हवा आणि किती प्रमाणपत्रं झाली त्याचा आकडा वर जायला हवा, यापुढे त्यांचं डोकं चालत नाही. नानांचा मीटरचा प्रश्न मी टिपून वर पाठवला. उत्तर आलं की सूचना स्वागतार्ह आहे. म्हणजे फाइलला लागली.

एक मात्र गंभीरपणे सांगते. परीक्षा कॅमेऱ्यासमोर असते. खोलीत परीक्षा देणारा एकटाच हवा. दुसरा चेहरा दिसला, दुसरा आवाज आला, की यंत्र पेपर बंद करतं आणि त्या माणसाचं निधीतलं खातं वर्षभर गोठतं. हा नियम मीच टाइप केला आहे. वाचून दाखवायला माणूस फक्त ज्याची नजर अधू आहे त्याला मिळतो, तोही डॉक्टरच्या दाखल्यावर. नानांची नजर तर घारीची. अक्षर जड जातं त्याला आमच्याकडे रकानाच नाही. मी तीनदा टिपण दिलं. तिन्ही वेळा विचारलं गेलं की असं प्रत्यक्षात घडल्याचा पुरावा काय.

पाठीला पट्टा लावला आहे. उंच खुर्ची साहेबांच्या खोलीत गेली.
जीव लावतेस तसाच लावत राहा, रागावलीस तरी.
तुझी ठकी

ता. १६ मे

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तू सांगितलं होतंस. मी वाचलंही होतं. तरी झालं ते झालं.

परीक्षा सुपरवायझरच्या केबिनमध्ये होती. आधी नाना, मग मी. सुपरवायझर मला आतच दाराजवळच्या बाकावर बसवून स्पेअरपार्टच्या गाडीकडे निघून गेला. मी बाहेर थांबायला हवं होतं. नानांनी गणवेश धुऊन घातला होता, केस पाण्याने बसवले होते. एका प्रश्नाला दीड मिनिट. पहिला प्रश्न आला आणि गेला. दुसरा गेला. नानांचे ओठ हलत होते, बोट पडद्यावर शब्दाखाली सरकत होतं, आणि वाक्याच्या शेवटाला पोचायच्या आत पडदा बदलत होता. असे पाच गेले. सहावा आला तो मीटरचाच होता. ठके, त्यांच्याइतकं नीट त्याचं उत्तर या डेपोत कुणाला येत नाही.

मी कधी उठले, खुर्ची कधी ओढली, मला ठाऊक नाही. रोज सकाळी कार्ड वाचते तशी वाचायला लागले. नानांनी पहिल्यांदा हाताने मला मागे सारलं. मग तेही विसरले. मी वाचायचे, ते तोंडाने म्हणायचे आणि बटण दाबायचे. उत्तर मी एकही सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. सहाव्यापासून तेविसाव्या प्रश्नापर्यंत एकही चुकला नव्हता. मग उशिरा का होईना यंत्राला जाग आली आणि पडदा लाल झाला. दुसरी व्यक्ती आढळली, परीक्षा रद्द.

माझी पाळी होती, म्हणून उठून नानांनी खुर्ची माझ्यासाठी पुसली. मी एकटीने बसून पेपर दिला, पन्नासात सेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी फोनवर आलं की तुमचा चेहरा दुसऱ्या उमेदवाराच्या परीक्षेत दिसला, सबब तुमचाही निकाल रोखला आहे.

मला राग कशाचा येतो सांगू? बसखाली एकटी गेले तर डेपो मला निलंबित करेल. आणि बसखाली कसं जायचं याची परीक्षा दोघांनी दिली तर तुमचं ऑफिस. नानांची पारख करायची तर या म्हणावं, त्यांच्या हातात बस द्या आणि बघा. वाचनाची परीक्षा घ्यायची आणि तिला ब्रेकचं नाव द्यायचं, याला काय म्हणावं?

काय करता येईल ते कळव. गोड बोलून कळवू नकोस.
रागातही तुझीच,
वहिनी

ता. २२ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

गोड बोलत नाही. दोनच वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे खुलाशाचा फॉर्म. तुझ्या फोनवर आलेला आहे, एकोणतीस तारखेला संध्याकाळी बंद होईल. त्यात लिहायचं की त्या उमेदवाराने बोलावलं म्हणून मी आत गेले, नियम मला माहीत नव्हता. चौथ्या दिवशी तुझा निकाल मोकळा होईल आणि एक जूनपासून तू नव्या शेडमध्ये. नानांवर मात्र गैरप्रकाराचा शिक्का बसेल. तो बसला की आमच्या निधीतून त्यांना पुन्हा काही मिळत नाही.

दुसरी वाट म्हणजे सही केलेलं निवेदन. जे घडलं ते जसंच्या तसं, स्वतःहून वाचून दाखवलं असं. मला हवा होता तो पुरावा हाच. सहा जूनला समिती बसते. तिच्यापुढे मी ते ठेवेन आणि म्हणेन की ज्याला अक्षर जड जातं त्याला वाचणारा द्या. मान्य झालं तर नानांची फेरपरीक्षा जूनमध्येच होईल. पण निवेदन म्हणजे कबुली. तुझा निकाल रद्द, खातं वर्षभर बंद, आणि तीस जून तर उंबऱ्यावर आहे, म्हणजे तू धुलाईत. आणि समिती नाही म्हणाली, तर तुम्ही दोघंही धुलाईत. सातातले किती हो म्हणतील, मी सांगू शकत नाही. मागच्या वेळी दोघे होते.

वहिनी, नणंद म्हणून सांगते, फॉर्म भर. दादाच्या माघारी तू अक्षरं शिकत, ग्रीस खात इथवर आलीस, ते बस धुवायला नव्हे. त्या टेबलावरची कारकून म्हणून मला काय वाटतं ते विचारू नकोस. आठ वर्षं मी कागद पुढे सरकवते आहे, आणि एकदा तरी खरा कागद हातात यावा असं वाटतं. हे लिहायला नको होतं. पण खोडून लिहिलं तर तू उजेडात धरून वाचशील.

तू काहीही कर, मी तुझीच.
ठकी

ता. २८ मे

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र आज मिळालं. जेवणाच्या सुटीत नानांना वाचून दाखवलं, सगळं, तुझं शेवटचंही. आमच्यात काही झाकून वाचायची पद्धत नाही.

ते लगेच म्हणाले की माझं नाव घाल. मला तीनच वर्षं राहिली, झाडू मारीन नाहीतर फाटकावर शिट्टी वाजवीन, तुझी पंधरा वर्षं जायची आहेत. वर मला वेडी म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही मला बोलावलं नव्हतं, उलट हाताने मागे सारलं होतं. तर म्हणाले, ते कॅमेऱ्याला कुठे कळलं? खरंच सांगते, ठके, पहिल्यांदा मला त्यांचाही राग आला. सगळे किती प्रेमाने मला खोटं बोल म्हणता आहात. सुपरवायझरही म्हणाला, तोही प्रेमानेच. स्वतः केबिन सोडून गेला होता त्याचा मात्र शब्द नाही.

शेजारीण म्हणाली, तुमचे हे असते तर काय म्हणाले असते याचा विचार करा. सहा वर्षं मी तो विचार दुसऱ्या कशाहून कमी केलेला नाही. पण तो नाही, हेच तर आहे. प्रत्येक अडचणीत त्याला उठवून साक्षीला उभा करायचा, मला ते बरं वाटत नाही. सही माझी लागणार आहे.

आणि मला नवी शेड हवी आहे. हे तुझ्यापासून कशाला लपवू? तिथल्या जमिनीवर तेलाचा डाग नाही. बस उचलायची तर बटण आहे. माझे गुडघे आता बोलतात. सेहेचाळीस गुण माझे स्वतःचे आहेत, ते मला कुणी ओंजळीत घातलेले नाहीत. शाळेत चौथीनंतर मला कुणी गुण दिले नव्हते. त्या आकड्याचा मी फोनवर फोटो काढून ठेवला आहे, तू हसशील.

फॉर्म उघडून बघितला. चौकट छोटी आहे, दोन ओळींची. दोन ओळींत नानांना संपवता येतं. खरं सांगायला मात्र कोरे कागद लागतील, तेही स्वतःच्या पैशाने.

काय करायचं ते अजून ठरत नाही. पत्र उद्या टाकेन. पाठीला शेक घे.
तुझ्यावरचा लोभ या सगळ्यात कमी झालेला नाही, एवढं धरून चाल.
तुझी वहिनी

ता. क. (२९ मे) अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पोस्टाबाहेरच्या बाकावर बसून निवेदन लिहिलं, अडीच पानं झाली. लिहिलं ते एकदा मोठ्याने वाचलं, सही केली आणि तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर रजिस्टर केलं, पावती सोबत जोडली आहे. मग डेपोत जाऊन धुलाई शेडच्या मुकादमाकडे एक तारखेपासून माझं नाव लिहून दिलं.