नक्कल करण्यास सक्त मनाई

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं तसंच असेल, त्यावर औषध नाही. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

ठीक नसायचं कारण तुझी लेक. तिने माझ्या किल्ल्यांच्या दुकानाची वेबसाइट हौसेने करून दिली आणि मी ती गल्लीभर मिरवली. पण तळाला बारीक अक्षरांत भलत्याच माणसाचं नाव. म्हणे ते सॉफ्टवेअर त्याने लिहिलंय. कुणीही फुकट वापरावं, हवं तसं बदलावं, फक्त त्याचं नाव आणि परवान्याच्या चार ओळी पुसू नयेत. आता तूच सांग, दुकान माझं, भाडं मी भरतो, आणि नाव त्याचं का? एका दुपारी मी ते पुसलं आणि समोरच्या चष्मेवाल्याच्या वेबसाइटवरून ‘सर्व हक्क राखीव, कशाचीही नक्कल करण्यास सक्त मनाई’ हे उचलून तिथे डकवलं. (चोरू नका ही सूचनाच मी चोरून आणली, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. तू हसू नकोस.)

मग दुकानात चिटपाखरू फिरकेना. शेवटी एक शिक्षिकाबाई आल्या आणि दबकत विचारू लागल्या, की डुप्लिकेट किल्ल्या करणं बंद केलंत का, वेबसाइटवर मनाई लिहिलीय. ज्याचं पोट नकलेवर, त्यानेच नकलेला बंदी घातली. याला म्हणतात आपल्याच हाताने पायावर धोंडा.

त्यात त्या सॉफ्टवेअरवाल्याचं तुझ्या लेकीला पत्र आलं. अगदी नम्र: खुशाल वापरा, नाव तेवढं परत लावा. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो तरी असतो. लेक तरातरा दुकानात आली. म्हणाली, मामा, तुझ्या किल्लीवरचा शिक्का कुणी घासला तर तू गल्ली डोक्यावर घेतोस, आणि त्याचं फुकट घेऊन नावही पुसलंस? वर म्हणाली, ते सॉफ्टवेअर भरवशाने मी आणलं होतं, मान माझी खाली गेली. (शिक्क्याचं खरं आहे. मी घेतो डोक्यावर.) तेव्हापासून ती दुकानावरून सरळ निघून जाते. तिचं स्टूल मी कुणाला बसायला देत नाही. मला फार वाईट वाटतंय, पण तिला सांगणार नाही. मामा आहे मी.

तुझा शहाणा भाऊ

ता. क. हे पत्र तिला दाखवू नकोस.

आणखी ता. क. दाखवलंस तरी चालेल.

शेवटचं ता. क. त्या माणसाचं नाव मी परत लावलं, शेजारी तिचंही लिहिलं. लावताना काय दाबलं गेलं देव जाणे, बाकी सगळी वेबसाइट गेली. आता तिथे फक्त ती दोन नावं आहेत आणि मला आत शिरता येत नाही. तिला म्हणावं, जगाची कुलपं उघडणारा मामा स्वतःच्याच दाराबाहेर उभा आहे, येऊन उघडून दे.