लेखन-दिग्दर्शन: मी

३ जून, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. उद्या कोणी माझ्यावर पुस्तक लिहायला घेतलं तर बिचाऱ्याची धावपळ नको.
आपला पिक्चर पुरा झाला. बायकांच्या क्रिकेटवरचा, आपल्याच सवाई बेटाच्या किनाऱ्यावर शूट केलेला. ऑकलंडहून एडिटर मेरेआनाचा मेल: २१ तारखेपर्यंत नावं पक्की करा. लेखन कोण, दिग्दर्शन कोण?
हा काय प्रश्न झाला? दोन्हीकडे मी, लाफाएले. थोरल्या बहिणीला, म्हणजे फेतूआओताईला, 'विशेष आभार'. मोठ्या अक्षरात. मी कंजूष नाही.

४ जून
ताईला सांगितलं. नारळ खवत होती, मान वर केली नाही. मग स्क्रिप्ट कोणी लिहिली, म्हणाली. मी म्हटलं, कल्पना माझी. सालेलोलोगाच्या बसमध्ये मीच म्हणालो होतो, या बायकांवर पिक्चर निघायला पाहिजे. तेवढं बोलून तू झोपलास, म्हणाली.
झोपलो होतो, खरं आहे. पण आधी बोललो की नाही?

७ जून
पुरावे शोधले. स्क्रिप्टचे चार खर्डे, चारही ताईच्या अक्षरात. माझ्या अक्षरात एकच कागद: कोणाला जेवणाचे किती डबे. यावरून उघड आहे की मी तोंडी सांगत होतो आणि ती उतरवून घेत होती. निदान मनात तरी सांगत होतो.

९ जून, रविवार
चर्चनंतर फालानिको काकांकडे जेवण. काका घराण्याचे प्रमुख, पुरुष माणूस, न्याय माझ्या बाजूने होणार अशी खात्री होती. काकांनी जेवायला आलेल्या क्रिकेट टीमच्या कप्तानबाईला विचारलं, शूटिंगला हुकूम कोणाचा चालायचा? ती म्हणाली, फेतूआओचा. आणि लाफाएले? तो छत्री धरायचा की.
सगळ्या बायका हसल्या. सावली म्हणजे प्रकाशयोजना, हे या लोकांना कोण शिकवणार? नीट जेवलोसुद्धा नाही. दोनदाच घेतलं.

११ जून
मेरेआनाचा मेल. तिने सगळे २१२ टेक पुन्हा ऐकले. प्रत्येकात 'कट' म्हणणारा आवाज बाईचा. पुरुषाचा आवाज तीनदा. दोनदा शिंक, एकदा 'पाणी आहे का?'
उत्तर पाठवलं: कमी बोलणं ही माझी शैली आहे.

१३ जून
काका घरी आले. आपल्यात भावाने बहिणीचा मान राखायचा असतो, तू तिचंच नाव पुसायला निघालास, लाज वाटत नाही का, असं अंगणात उभं राहून बोलले. शेजाऱ्यांनी रेडिओ बंद करून ऐकलं.
लाज वाटते. पण पंचेचाळीस वर्षांत माझं नाव कशावरच आलेलं नाही. ताईला पुढचे दहा पिक्चर मिळतील. मला हा एकच. हे कोणाला सांगायची सोय नाही.

१४ जून
जबरदस्त आयडिया. इफोगा करायचा, म्हणजे जाहीर माफी. पहाटे तिच्या दारात डोक्यावरून चटई घेऊन बसायचं, ती चटई उचलेपर्यंत हलायचं नाही. अख्खं गाव बघणार. ताई विरघळणार आणि निम्मं क्रेडिट आपणहून देणार. वर माझं नाव आधी.
काका म्हणाले, इफोगा रक्त सांडल्यावर करतात, तू कोणाचा मुडदा पाडलास? काकूने मानाची बारीक विणीची चटई द्यायला साफ नकार दिला. माझी झोपायचीच नेईन.

१७ जून
पहाटे पावणेसहाला बसलो. मोबाईल समोर नीरफणसाच्या झाडाला टेकवून रेकॉर्डिंग चालू ठेवलं. असा प्रसंग वाया का घालवा?
ताई बाहेर आली. थेट मोबाईलकडे गेली. उजेड पाठीमागून येतोय, नुसता काळा गोळा दिसशील, म्हणाली. मोबाईल हलवला, मला दोन हात डावीकडे सरकवलं, आता बस म्हणाली आणि आत गेली.
नऊला चटई उचलली. काय पाहिजे तुला, असं विचारलं. आवाज थकलेला होता. माफीचं भाषण तोंडपाठ होतं. तोंडातून निघालं, दोन्ही क्रेडिट.
घे, म्हणाली.

१८ जून
जिंकलो. ताईने मेरेआनाला कळवलं: माझं नाव सगळीकडून काढा. आभारातूनही.
आभारातून कशाला काढायचं? मी तर मोठ्या अक्षरात देणार होतो.

२१ जून
नावं पक्की झाली. लेखन-दिग्दर्शन: लाफाएले. स्क्रीनवरचा फोटो काकांना पाठवला. त्यांनी बघितला.

२८ जून
एका फेस्टिवलने पिक्चर घेतला. सोबत दिग्दर्शकासाठी फॉर्म. प्रश्न पहिला: शेवटी कप्तान जिंकूनही बॅट समुद्रात का सोडते?
सोडते? पिक्चर लावून बघितला. सोडते खरी. त्या दिवशी मी डबे आणायला गेलो असणार. तीनदा बघितलं, तीनदा रडलो, कारण मात्र कळलं नाही.

३० जून, रविवार
ताईला विचारायचं ठरवलं. काकांकडे तिचं ताट नेहमीसारखं मीच वाढलं, मासा, तारोचे कंद, सगळं. ताट पुढे केलं आणि हळूच विचारलं, ताई, ती बॅट का सोडते गं?
दिग्दर्शकाला विचार, म्हणाली. ताट घेतलं नाही. उठून स्वतःचं वाढून घेतलं आणि बायकांत जाऊन बसली.
फॉर्म उद्या पाठवायचा आहे. नाव, गाव, जन्मतारीख भरून झालं.