मरोळ नाक्यावरची मोजणी

मुलुंड (पूर्व),
रविवार, २ मार्च १९८६

ती. आईस,

मुलुंडहून जयंतीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. नंदूची कंपनी चालू आहे, सासूबाईंचा गुडघा त्यांच्या मर्जीने दुखतो आणि त्यांच्याच मर्जीने थांबतो. वनमाला वहिनी, हे पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगते, मधलं काही गाळायचं नाही. आई रागावली तरी शेवटपर्यंत वाच.

आई, बातमी मोठी आहे. परवापासून मला घास गोड लागत नाही, म्हणजे आनंदानेच. मी ज्या ऑफिसात हंगामी म्हणून लागले तिथे काय करतात, हे तू मला चारदा विचारलंस आणि चारही वेळा मी 'नकाशे काढतात' म्हणून तुला वाटेला लावलं. आता नीट सांगते. आमच्याकडे अंधेरी ते घाटकोपर रेल्वेचा आराखडा चालला आहे. आडवी रेल्वे! तुला ठाऊकच आहे, इथल्या सगळ्या गाड्या उभ्या धावतात. अंधेरीच्या माणसाला गाडीने घाटकोपर गाठायचं तर आधी दादरला जायचं, तिथे गाडी बदलायची आणि पुन्हा वर यायचं. द्राविडी प्राणायाम नुसता. ही गाडी झाली तर चकाला, मरोळ, साकीनाका, असल्फा आणि आलं घाटकोपर. वीस मिनिटं. शिवाय मासळीच्या पाट्या ठेवायला वेगळा डबा. तो नकाशावर मी स्वतः काढलाय.

पण गाडी नकाशावर धावत नाही, तिला पैसा लागतो. रेल्वे म्हणते, एक भाग आम्ही घालू, दोन भाग राज्य सरकारने घालावेत. सरकार म्हणतं, घालू, पण आधी उतारू दाखवा. सकाळच्या गर्दीच्या तासाला दहा हजार माणसं त्या रस्त्याने जातात असं सिद्ध करा, मग बोलू. म्हणून गेल्या महिन्यात आम्हाला नाक्यानाक्यावर खुर्च्या टाकून बसवलं. बस आली की माणसं मोजायची, रिक्षा आली की माणसं मोजायची आणि तक्त्यावर रेघा मारायच्या. मला मरोळ नाका मिळाला होता.

मोजणीच्या त्या बुधवारी ऊन फार होतं, म्हणून मी छत्री घेऊन बसले होते. बरोबर ऑफिसातली क्षमा होती, पार्ल्याची. असो.

तर शुक्रवारी सगळ्या नाक्यांची बेरीज आली. साडेनऊ हजार आणि वर थोडी. चारएकशे माणसं कमी पडली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, फाइल बांधून ठेवा, पाच वर्षांनी पाहू. भाऊराव, म्हणजे आमचे वरचे, जे आम्हाला नाक्यांवर बसवतात, ते फाइलीची नाडी आवळायलाही लागले. आई, तेव्हा मी उठले. म्हटलं, टेम्पोतली माणसं धरलेलीच नाहीत.

साहेबांनी भाऊरावांकडे पाहिलं. भाऊराव म्हणाले, टेम्पो म्हणजे माल, तशीच सूचना आहे. खरंच तशी सूचना होती. टेम्पो दिसला की मालाच्या रकान्यात एक रेघ, आत काय आहे ते बघायचं नाही. मी म्हटलं, सकाळच्या त्या तासाला वेसाव्याचे बारा-पंधरा टेम्पो जातात, एकेकात तीस-पस्तीस बायका उभ्या असतात, पाट्या घेऊन. बसवाले पाटी घेत नाहीत, मग त्या जाणार कशा? साहेब म्हणाले, मग पुन्हा मोजा, येत्या आठवड्यानंतरच्या गुरुवारी सोयीचं आहे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुवारी नको साहेब. गुरुवारी अर्धी मुंबई मासे खात नाही. माझी आई बुधवारी जाते, टेम्पोत उभी राहून, वेसाव्याहून घाटकोपरला."

सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. आठ महिने मी माहेर वेसाव्याचं न सांगता तिथे 'अंधेरीची' म्हणून मिरवत होते. साहेबांनी चष्मा परत चढवला आणि कॅलेंडरवर बुधवार, १२ मार्चला गोल केला. वीस तारखेला सरकारपुढे बैठक आहे. दुपारच्या डब्याला क्षमा माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं, आता ही नाक मुरडणार. तर म्हणाली, तुझ्या आईकडे सरंगा ताजा मिळतो का गं, बाजारात आम्हाला फसवतात.

म्हणजे इतके दिवस मी कुणाला घाबरत होते, देव जाणे.

आता ते बोलते, जे टाळत आले. त्या बुधवारी तुझा टेम्पो माझ्या समोरच थांबला होता. तू मागे दोरी धरून उभी होतीस, हिरवं लुगडं नेसून. तू मला हाक मारलीस, "गो जयंते!" आणि हसलीस. क्षमाने नाकाला रुमाल लावला होता. मी छत्री पुढे केली, मान खाली घातली आणि मालाच्या रकान्यात रेघ मारली. तुझी रेघ, आई. दुसऱ्यांचं सोड, त्यांना सूचनेची चूक म्हणता येईल. तुला तर मी बघून, ओळखून माल म्हणून लिहिलं.

तू पाहिलंस हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यानंतर सुके बोंबील आले नाहीत, चंदरदादाही फिरकला नाही. सासूबाई रोज विचारतात, आणि मी रोज खोटं सांगते. काल नंदू मुद्दाम घाटकोपरच्या बाजारात जाऊन दादाला भेटला. दादाने त्याला सांगितलं की तुम्ही हल्ली मरोळवरून जातच नाही. कालिन्यावरून कुर्ल्याला वळसा घालता. अर्धा तास जास्त लागतो, मासळी उतरते, गिऱ्हाईक तुटतं, तरी तू ऐकत नाहीस. सगळ्या टेम्पोवाल्यांना तूच वळवलंस. म्हणालीस, "पोरीचे नोकरीन आपला वास नको."

नंदूने हे सांगितल्यावर मी मोरीत जाऊन रडले. दोन शिव्या स्वतःला घातल्या, मग हे लिहायला बसले.

आई, तुम्ही वळसा घालून गेलात तर बारा तारखेला नाक्यावर मोजायला कुणी नसेल. मग चारएकशे माणसं कमीच राहतील, फाइल बांधली जाईल आणि पार्वतीमावशी, तू, वाड्यातल्या सगळ्या जणी अजून किती वर्षं दोरीला लटकत जाल कोण जाणे. साहेबांची ताकीद आहे की मोजणीसाठी एकही माणूस जास्तीचं आणायचं नाही. तेही बरोबरच. मी जास्तीचं काही मागत नाही. फक्त तुमच्या रोजच्या रस्त्याने या. सगळ्या जणींना सांग. तू सांगितलंस तर ऐकतील, वळसा घालायलाही ऐकल्याच ना.

आणि रेल्वेसाठी यावंसं वाटलं नाही, तर माझ्यासाठी ये. मला माफ कर म्हणून लिहायला हात धजत नाही, कारण ते टपालाने मागायचं नसतं. बारा तारखेला मी छत्री नेणार नाही आणि खुर्चीवरही बसणार नाही. रस्त्याच्या कडेला उभी असेन. टेम्पो थांबला की जवळ येऊन एकेकीला नावाने मोजेन, सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं. तू फक्त एकदा पुन्हा हाक मार.

त्या दिवशी तुला ओ न दिलेली,
तुझी
जयंती