सोळावं युनिट

६ जुलै १९९३, मंगळवार. पिनर

आज टपालाने आलेलं: युनिव्हर्सिटीचं जाड पाकीट. आत माहितीपुस्तक एक, गुलाबी फॉर्म चार पानी, सोबत काय जोडायचं त्याची यादी. कॉलेजकडून मिनूच्या दोन वर्षांच्या अभ्यासाचा उतारा, सोळा युनिटं. लायब्ररीत फोटोकॉप्या सोळा, ८० पेन्स. एक पान तिरकं आलं, ते बाईंनी पुन्हा फुकट काढून दिलं.

मिनूचा केटरिंगचा डिप्लोमा पुरा झाला. आता हॉटेल अँड टुरिझम मॅनेजमेंटची डिग्री. कॉलेजची सगळी क्रेडिट्स युनि.ने धरली तर एकदम तिसऱ्या वर्षाला, म्हणजे दोन वर्षांत डिग्री. एखादं जरी कमी पडलं तर दुसऱ्यापासून, तीन वर्षं. कौन्सिलने ग्रँट दोनच वर्षांची मिळेल असं कळवून ठेवलंय, आणि ह्यांची हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी मार्चला संपते. तेव्हा जादा वर्ष आम्हाला झेपायचं नाही.

फॉर्म उद्यापर्यंत देवांपुढे. मिनू म्हणाली, "आई, कुंकू नको लावूस त्याला. त्यांना वाटेल ब्लड आहे."

९ जुलै, शुक्र.

ह्यांनी फॉर्म कॅपिटल अक्षरांत भरला. दोनदा ताडून पाहिला. मी सेकंड क्लासच्या स्वस्त तिकिटाने पाठवला. हे म्हणाले, "अगं, पोरीच्या डिग्रीचा फॉर्म आहे, फर्स्टने पाठव." म्हटलं, एक-दोन दिवसांनी पोचला तरी पोचणारच आहे. नेहमी सेकंडच लावते.

२० जुलै, मंगळ. श्रावण लागला

युनि.चं उत्तर. पंधरा युनिटं धरली. सोळावं, मीट कुकरी, धरलं नाही. कॉलेजच्या उताऱ्यात त्यापुढे 'एक्झेम्प्ट' लिहिलंय, म्हणजे सूट. डिप्लोम्याला सूट चालली, पास झाली. पण जे केलंच नाही त्याचं क्रेडिट युनि. देत नाही. शिकवणाऱ्यांनी मार्कांसकट लेखी दिलं तर १३ ऑगस्टपर्यंत विचार करू म्हणतात. नाहीतर दुसरं वर्ष.

हे पत्र वाचून म्हणाले, "सूट मागितली कोणी?"

मिनूने पत्र घडी करून पाकिटात ठेवलं. मी भाजी फोडणीला टाकायची होती ती टाकली.

सूट मी मागितली होती. ऑक्टो. ९१, कॉलेज सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात. कार्बन कॉपी फाइलमध्ये आहे, आत्ता काढून पाहिली. "आम्ही हिंदू आहोत. माझ्या मुलीला त्या मांसाच्या कामाला लावू नये, ही विनंती." (पूर्ण शब्द तेव्हाही लिहिला नाही, इथेही लिहीत नाही. नुसतं बी. लिहिते, गाईचं.) शिकवणारे शेफ डॉसन, त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं होतं, तेही लावून ठेवलंय: तुमच्या मुलीला मी ते करायला लावणार नाही, माझा शब्द.

मिनूला विचारलं नव्हतं. सांगितलंही नाही. ती कधी कुरकुरली नाही, मी समजले सुटली.

२२ जुलै, गुरु. उपास

दुपारी ती भगरीला दाणे कुटत होती, तेव्हा सांगून टाकलं. सूट माझ्या पत्रामुळे.

"माहिती आहे मला. शेफने तुझं पत्र दाखवलं होतं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तो म्हणाला, तुझ्या आईला मी प्रॉमिस केलंय, करायला लावणार नाही. तुला करायचं असेल तर ते तुझं तू ठरव. मी म्हटलं, करते."

"काय करते?"

"सगळं. बी.पण. मला हॉटेल चालवायचंय, आई. किचनमधलं मला येत नसेल तर कोण ऐकेल माझं? मीच त्याला सांगितलं, रेकॉर्डवर एक्झेम्प्टच ठेव, घरी कळायला नको."

कधी असायचं ते, विचारलं. गुरुवारी. मला सांगायची, गुरुवारी पेस्ट्री असते.

गुरुवारचे उपास मी तिच्या अभ्यासासाठीच धरलेत. दोन वर्षं.

"खाल्लंस?"

"चव घ्यायला लागते. जिभेवर घ्यायचं आणि थुंकायचं. गिळलं नाही कधी. शेफ हसायचा."

"आणि मग घरी येऊन नैवेद्याचं ताट वाढायचीस?"

"आंघोळ करून. कोट वेगळा धुऊन."

खरं आहे. आल्या आल्या जिना चढून सरळ आंघोळीला जायची, पांढरा कोट बादलीत वेगळा भिजवायची. मी ओळखीच्या, स्टॅनमोरच्या सुमनताईंना कौतुकाने सांगितलं होतं, आमच्या मिनूला इथे राहूनही सोवळं कळतं.

मी म्हटलं, "मला फसवलंस."

ती म्हणाली, "तू पण ना?"

भगर कोणी खाल्ली नाही. संध्याकाळी ह्यांना वाढली.

२७ जुलै, मंगळ.

कॉलेज सप्टेंबरपर्यंत बंदच. शेफ डॉसन ईस्टरला कॉलेज सोडून नॉटिंगहॅमच्या एका हॉटेलात गेलेत. मिनूने फोन लावला. दोनदा 'जेवणाची सर्व्हिस चालू आहे, नंतर करा'. तिसऱ्यांदा भेटले. मी जिन्यात बसून एका बाजूचं ऐकलं, मग तिने सांगितलं.

मार्कांची वही त्यांच्याकडे आहे, सगळे गुरुवार लिहिलेले आहेत. पण लेखी द्यायला तयार नाहीत. म्हणाले, तुझ्या आईला मी माझ्या सहीने शब्द दिलाय. आता तिच्या मागे त्याच सहीने लिहून देऊ की तिची मुलगी ते करत होती? तिने मला शब्दातून मोकळं केलं तर त्याच दिवशी लिहितो.

हे म्हणाले, "सभ्य माणूस आहे." मग माझ्याकडे बघून, "तूच लिही मग."

म्हटलं, श्रावण आहे.

"टपाल चालू असतं श्रावणात."

३० जुलै, शुक्र.

स्टॅनमोरला सुमनताईंकडे हळदीकुंकू, चाळीस बायका. डॉक्टरांचं घर, सगळं मोठं. पण पुरणपोळ्या करायला कोणी नाही, म्हणून मिनूला बोलावलं होतं. मी मदतीला.

गेल्या गेल्या तिने भिंतीला कागद चिकटवला: किती वाजता काय. डाळ, गूळ, कणीक, सगळं काट्यावर. सुमनताईंच्या दोन्ही सुनांना कामं वाटून दिली. कोणावर ओरडली नाही. त्या डॉक्टर सुना, पण मुकाट्याने लाट्या करत होत्या.

सुमनताई माझ्याजवळ येऊन हळूच, "हुशार आहे हो. पण शेवटी हॉटेलातच वाढणार ना?"

मी म्हटलं, "वाढणार नाही, चालवणार." तोंडातून निघून गेलं. नंतर तेरा तारीख आठवली.

नैवेद्य निघायच्या आधी कटाच्या आमटीची चव घ्यायची नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. देवाला दाखवून मी पहिली वाटी चाखली. मीठ बरोबर.

"न चाखता कसं जमलं गं?"

"वजन करते. चाळीस लोकांना अंदाज चालत नाही. शेफने शिकवलं."

घरी येताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. हातांना वेलचीचा वास.

२ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

शंकराला दूध वाहिलं. पत्र लिहायला बसले. दोन कागद फुकट गेले. पहिल्यात कारणंच फार झाली. दुसऱ्यात 'ते मांस' लिहिलं. ह्यांनी वाचलं. म्हणाले, "त्याला कुठलं ते कसं कळणार? मटणही मांसच. त्याने युनि.ला नेमकं लिहायला हवं तर तूही नेमकं लिही."

मिनूने विचारलंही नाही. विचारते तर बरं वाटलं असतं, किंवा राग तरी आला असता. शनिवारपासून प्लेसमेंटच्या (शिकाऊ कामाच्या) हॉटेलात रोज सकाळी सहाला जाते, संध्याकाळी सहाला येते. आजही आली ती सरळ आंघोळीला. आता तसं करायची गरज काय, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

तिने केलं ते मला पटलेलं नाही. पटेल असंही वाटत नाही. पण पत्र माझं होतं.

४ ऑगस्ट, बुध.

सकाळी पूजा, मग पत्र. इंग्रजी ह्यांच्याकडून तपासून घेतलं, दोन चुका. पाकिटात उलट उत्तरासाठी पत्ता लिहिलेला लिफाफा. दोन्हीला फर्स्ट क्लास तिकीट. पोस्टाच्या बाई म्हणाल्या, "फर्स्ट? यू?" म्हटलं, हो, आज फर्स्ट.

मिनूला दाखवलं नाही. कॉपी फाइलमध्ये जुन्या कॉपीच्या मागे लावली. तिला माहीत आहे फाइल कुठे असते.

मराठीत इथे उतरवून ठेवते:

श्री. डॉसन यांस,

दोन वर्षांपूर्वी मी आपणास माझ्या मुलीबद्दल एक पत्र लिहिले होते. ते पत्र मी मागे घेत आहे. आपण दिलेला शब्द आपण पाळलात, त्याबद्दल आभारी आहे. त्या शब्दातून आपण मोकळे आहात.

माझ्या मुलीने आपल्या वर्गात बीफ शिजवले. हे तिने मला स्वतः सांगितले आहे. तिला मिळालेले मार्क आपल्या वहीत असतील तसेच लिहून द्यावेत. कमी असतील तर कमी लिहावेत.

युनिव्हर्सिटीला आपले पत्र शुक्रवार १३ तारखेपर्यंत पोचावे लागेल. तिकीट लावलेला लिफाफा सोबत आहे. आपण लिहिणार की नाही, एवढे तरी कृपा करून उलट टपाली कळवावे.