निळ्याची बॅच

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी लिहिणार. माणूस मोठा झाला की लोक विचारतात सुरुवात कशी झाली. तेव्हा आठवत बसायला नको.

मुख्य बातमी. आमच्या कारखान्यात रंग घोटणारे काका महिनाअखेर काम सोडणार. हात थरथरतात त्यांचे. म्हणजे पाटी मोकळी होणार. ही जाड काचेची पाटी म्हणजे आमच्या कारखान्यातली खुर्ची. दगडाची पूड, गोंद आणि थोडा मध त्या पाटीवर घेऊन काचेच्या वरवंट्याने जो घोटतो, तो रंग करतो. बाकीचे नुसते कामाला असतात. मी सध्या बाकीच्यांत आहे. दगड फोडणे, चाळणे, वाट्या धुणे. तात्पुरतं आहे. आल्यापासून तात्पुरतंच आहे.

पाटीवर बसतील असे दोघंच. मी आणि रेडिओ. रेडिओ म्हणजे तयार रंग छोट्या वाट्यांत भरणारी बाई. सकाळी सुरू होते ती सुट्टीलाच बंद होते. तिची भीती नाही. तोंड चालतं तिथे हात चालत नाही.

७ फेब्रुवारी
विजय. आज काजळी घोटायची होती. काजळी महाबेकार. पाण्यात बसतच नाही, वर तरंगते, गोंदाला जवळ येऊ देत नाही. रेडिओने थोडं घोटून सोडून दिलं आणि चहाला गेली. मी वरवंटा हातात घेतला. जेवलो नाही. खांदा गेला कामातून. शेवटी पाटीवर काळी साय आली, नुसती साय.

काकांनी बोट लावलं, कागदावर ओढलं. म्हणाले, चांगलं झालंय. काका असं कुणाला म्हणत नाहीत.

तर या धंद्याचं रहस्य मला सापडलं. जो जास्त घोटेल त्याचा रंग चांगला. बस. एवढ्या गोष्टीसाठी काकांनी आख्खं आयुष्य घालवलं.

रेडिओने माझं नाव भोवरा ठेवलंय. एका जागी टिकत नाही आणि गोल गोल फिरतो म्हणून. जळते.

९ फेब्रुवारी
घरी फोन केला. आईला सांगितलं, काका जाणार आणि पाटी मला मिळाली. ‘जवळजवळ मिळाली’ असं म्हणालो होतो. आवाज तुटत होता, तेवढाच शब्द तुटला असेल.

मग दाजींनी फोन घेतला. हे तेच दाजी, जे ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते की हा पोरगा बसल्या बसल्या पाय हलवतो, तेवढीच याची मेहनत. आज ते दाजी मला विचारत होते, म्हणजे आता तुझ्या हाताखाली माणसं असतील का. म्हटलं, असणारच. मग खोकले. म्हणाले, गोदामाच्या दारावर उभं राहून पायात गोळे येतात रे, तुझ्याकडे एखाद्या माणसाची सोय होण्यासारखी असेल तर बघ.

म्हटलं, दाजी, तुम्ही फक्त हाक मारा.

फोन ठेवल्यावर दुपारभर शीळ घालत होतो. रेडिओ म्हणाली, लग्न ठरलं का.

१५ फेब्रुवारी
आज मालकीणबाईंनी कुलपातून निळा दगड काढला. खाण कधीच बंद पडली. आता हा दगड मिळत नाही. बाहेरून साधा, वर माती माखलेली. काकांनी एक टवका उडवला, आणि आत असा निळा की मी शब्द शोधत राहिलो. अजून सापडला नाही.

हा रंग कुणासाठी तर जुन्या छतांवरची चित्रं दुरुस्त करणारा एक माणूस आहे, त्याच्यासाठी. एका छतावरचं अर्धं आकाश त्याने याच खाणीच्या दगडाने भरलंय. उरलेल्या अर्ध्याला हाच दगड लागणार. दुसरा कुठला निळा लावला तर खालून बघणाऱ्याला ठिगळ दिसतं म्हणे.

मालकीणबाईंनी दगडाचे दोन भाग केले. एक रेडिओला, एक मला. ज्याचा रंग चांगला होईल त्याची पाटी.

पाटी माझीच आहे. आता फक्त तसं जाहीर व्हायचं राहिलं.

१६ फेब्रुवारी
काकांनी आम्हा दोघांना निळ्याचं समजावलं. म्हणाले, हा दगड वेगळा. याचा कण मोठा असतो तोवर निळा. बारीक करत गेलात की हा रुसतो. वरवंट्याखाली खरखर ऐकू येत असतानाच थांबायचं. जास्त घोटायचं नाही.

मनगटात जोर राहिला नाही की माणसाला असे नियम सुचतात. समजू शकतो. वाईटही वाटलं.

रेडिओने शंभर प्रश्न विचारले. खरखर म्हणजे कशी, वाळूसारखी का साखरेसारखी. मी एकही विचारला नाही. ज्याला येतं तो विचारत नाही.

१९ फेब्रुवारी
रेडिओचा निळा झाला. हसू आवरेना. सकाळी सुरू केला आणि चहाच्या आधी झाकण लावून मोकळी. पाटीवर कर्रर्र आवाज येत होता तरी थांबली. रंग बघितला. गडद आहे, मान्य. पण दाणेदार. बोटाला लागतो. माझी काजळी आठवली, लोण्यासारखी.

काकांनी तिचा रंग बघून नुसती मान हलवली. बिचाऱ्यांना धक्का बसला असणार.

२० फेब्रुवारी
माझी पाळी. काका हाताच्या दुखण्यासाठी चार दिवस दवाखान्यात. बरंच झालं, डोक्यावर कुणी नको.

सकाळी पूड कुटून चाळली तेव्हा एकदम जबरदस्त निळा. गोंद घातला, घोटायला घेतला. दुपारपर्यंत थोडा फिका वाटायला लागला. घाबरण्यासारखं काही नाही. रंग आधी मागे जातो आणि मग उसळी घेतो. उडी मारणारा माणूस जसा मागे सरकतो तसं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, आपोआप सुचलं.

खरखर बंद. गुळगुळीत. रेडिओच्या रंगाला हात लावून बघा आणि माझ्या रंगाला लावून बघा.

२१ फेब्रुवारी
उसळी अजून आली नाही. घोटतोय. निळा आत दडलाय, त्याला बाहेर काढावा लागणार. आता तो धुतलेल्या आकाशासारखा झाला होता. दुपारनंतर राखेच्या बाजूला झुकला.

रेडिओ वाट्या घ्यायला आली, पाटीकडे बघितलं आणि गप्प झाली. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाली, “भोवऱ्या, थांब. आता तरी थांब.”

म्हटलं, तुझी पाटी गेली म्हणून बोलतेस. ती म्हणाली, पाटी घाल चुलीत, दगड परत येत नाही.

घोटत राहिलो. थांबलो असतो तर तिचं ऐकलं असं झालं असतं.

२२ फेब्रुवारी
ताईचा फोन. दाजींनी गोदामाची नोकरी सोडली. युनिफॉर्म आणि शिट्टी परत करून आले. आईने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय की माझ्या मुलाने जावयाला कामाला बोलावलं.

म्हटलं, इतकी घाई कशाला. मागून दाजींचा आवाज आला, तूच म्हणालास ना हाक मारा, मारली.

त्यांना थांबवायला हवं होतं. पण आई मध्येच फोन घेऊन म्हणाली की दाजी चार लोकांत तुझं नाव घेतात आता. मग काय बोलणार.

आता निळा चांगला व्हायलाच पाहिजे. होणारच आहे.

२३ फेब्रुवारी
एक बारीकसा उपाय केला. फसवणूक नव्हे, मदत. खालच्या किराणावाल्याकडून कपड्यांना घालायची नीळ आणली आणि चिमूटभर टाकली. मग अजून एक चिमूट. अजून एक. काय कलर आला. झगझगीत. डोळे दिपले.

गोंद, मध आणि मेहनत तर माझीच आहे. नीळ किती, नावापुरती.

वाटी भरून झाकून ठेवली. माझ्या वाटीशेजारी रेडिओची वाटी अगदीच उदास दिसते.

२६ फेब्रुवारी
छतवाला आला. कोपराला रंग लागलेला, गळ्यात चष्मा. मालकीणबाई, काका, रेडिओ, सगळे उभे. आधी रेडिओची वाटी. त्याने ब्रश भिजवला, कागदावर पट्टा ओढला, वाळू दिला, खिडकीत नेला, हातभर लांब धरला. बराच वेळ बघत राहिला. डोळे पुसले की चष्मा पुसला, नीट दिसलं नाही. म्हणाला, हाच.

मग माझी वाटी. पट्टा ओढला. वाळायची वाट बघितली नाही. वास घेतला. माझ्याकडे बघून विचारलं, “छत रंगवायचंय की चादरी धुवायच्यात?”

रेडिओसुद्धा हसली नाही. त्यावरूनच समजून घ्यायला हवं होतं.

काकांनी थोडा रंग पाण्यात सोडून बघितला. खाली राखाडी बसला आणि वर नीळ तरंगली. मालकीणबाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, “नुसता फिका झाला असता तर फिका म्हणून विकला असता, वाईट वाटून घेतलं नसतं. आता हे काय म्हणून विकू, सांग.”

मी सांगितलं, दगड कच्चा होता. छतवाला म्हणाला, याच दगडाचा दुसरा अर्धा माझ्या हातात आहे. मग गेला. त्याचं आकाश अर्ध्याच्या अर्धं राहिलं. तो म्हणाला, कोपरा तसाच सोडेन, निदान खोटा तरी नसेल.

हे मला उद्देशून होतं असं काही नाही.

२७ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. चुका कुणाच्या ते बघू. काकांनी ‘रुसतो’ म्हटलं, ‘मरतो’ म्हटलं नाही. नीट सांगायला काय झालं होतं. नीळ भेसळीची निघाली असणार, किराणावाल्याला विचारतो. काका नेमके तेव्हाच दवाखान्यात. आणि रेडिओने मला फक्त एकदाच थांबवलं. खरी काळजी असती तर हात धरला असता.

पाटी रेडिओला. मला लेबलं. तात्पुरतं.

दाजी परवा पोहोचतात.

१ मार्च
स्टँडवर गेलो. दाजी एक बॅग आणि दोरीने बांधलेली गादी घेऊन उतरले. मिशी काळी केली होती. मला बघून गादी खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मी तुला चुकीचं ओळखलं होतं रे.”

रस्त्यात सांगणार होतो. चहाच्या टपरीवर सांगणार होतो. कारखान्याच्या जिन्यात सांगायचं पक्कं केलं. तोवर दार आलं.

आत रेडिओ पाटीवर. दाजींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती वरवंटा न थांबवता म्हणाली, भोवऱ्या, लेबलं राहिलीत, आणि मागच्या वेळेसारखी वाकडी नकोत.

दाजींनी गादी कोपऱ्यात टेकवली. मालकीणबाईंना विचारलं, दगड फोडायला कुणी लागतो का. माझी जुनी जागा रिकामीच होती.

५ मार्च
दाजी खाली बसून दगड फोडतात, खलबत्त्यात कुटतात, चाळतात. रेडिओ सांगते थांबा, की थांबतात. दारावर उभं राहून राहून ही सवय लागली असेल. थांबायला अक्कल लागत नाही.

तरी त्यांना खलबत्ता कसा धरायचा ते मीच दाखवलं. म्हणजे बघायला गेलं तर हाताखाली माणूस आहेच.

दाजींनी अजून पाटीचं विचारलं नाही. रोज एकत्र जेवतो, एकाच खोलीत झोपतो. विचारत नाहीत. जेवताना माझा पाय हलतो, तर तेही बघून न बघितल्यासारखं करतात. विचारतील तेव्हाचं उत्तर मी तयार ठेवलंय. चांगलं लांबलचक आहे.

९ मार्च
काकांचा शेवटचा दिवस होता. महिनाअखेर जाणार होते, पण रेडिओचा हात बसेपर्यंत थांबले. जाताना सगळ्यांशी बोलले. मला म्हणाले, काजळी तुझ्यासारखी कुणी घोटली नाही. मी वाट बघितली की पुढे काही म्हणतील. जिना उतरून गेले.

उत्तर अजून तयारच आहे. दाजी विचारत नाहीत.

१४ मार्च
दुपारच्या सुट्टीत दाजींनी घरी फोन लावला. मी मागे लेबलांना गोंद लावत होतो. म्हटलं, आता सगळं निघणार. एका परीने सुटका.

दाजी ताईला म्हणाले, “अगं, साहेब आहे तो इथला. माझ्या कामावर बारीक नजर असते त्याची. खोटं कशाला सांगू.”

मग फोन माझ्याकडे दिला. आई होती. आनंदाने रडत होती. म्हणाली, दाजींना फार राबवू नकोस हं, पाठ दुखते त्यांची. मी म्हटलं, बघतो. फोन परत दिला. त्यांनी तो खिशात टाकला आणि खलबत्त्याकडे गेले.

संध्याकाळी दगडांची गोणी आली. मी वाकून उचलायला घेतली. दाजी म्हणाले, “राहू दे. साहेबांनी गोणी उचलायची नसते.”

हसले नाहीत. मी गोणी खाली ठेवली.